माशाच्या गालावरचा डाग

त्या घरात मासे टेबलावर जन्माला यायचे. छापखान्यातून नुसत्या काळ्या रेषांचे मासे यायचे, आणि जीवसृष्टीच्या जाडजूड पुस्तकात जाण्याआधी घरातल्या बायका त्यांत जलरंग भरायच्या. थोरली सून पाठ हिरवी करायची, मधली पोट रुपेरी, धाकटी पर आणि शेपूट. डोळा मात्र सासूबाईंचा. त्यांचा कुंचला टेकला की मासा जिवंत होतो, असं त्यांचं ठाम मत. आणि त्या घरात दुसरं मत नसायचंच.

चित्रकाराने रंगवलेला नमुना मधोमध ठेवायचा आणि डोकं न चालवता तस्सं उतरवायचं, हा नियम. टेबलावर खाणंपिणं बंद. सासूबाईंचा चहा सोडून.

या खेपेला नमुन्यातल्या माशाच्या गालावर तपकिरी डाग दिसला.

"आई, हा काल नव्हता," धाकटी म्हणाली.

"शेपूटवालीनं गालात नाक खुपसू नये."

"पण काहीतरी सांडल्यासारखं वाटतंय."

"त्याचा गाल, त्याचा डाग. तुझं काय जातंय?" सासूबाईंनी कप आपटला. थोरली आणि मधली माना खाली घालून हसू दाबत होत्या. ते बघून सासूबाईंचा पारा आणखी चढला. "सांडलेलं निघालं ना, तर डोळ्याचा कुंचला तुझ्या हातात देईन. या दोघी साक्षीला!"

मग काय, ढीगभर माशांच्या गालांवर डाग चढला. धाकटीनंच रंगवला, आणि इतका हुबेहूब की त्याची गडद कडासुद्धा सुटली नाही.

डोळे तेवढे राहिले होते, तोच चित्रकार आला. एक कागद बघितला, दुसरा बघितला. "यांना गोवर आलाय का?"

"तुमच्याच नमुन्यात आहे," सासूबाईंनी तोऱ्यात नमुना पुढे सरकवला.

चित्रकाराने तो नाकाशी नेला. "बाई, याला चहाचा वास येतोय."

सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या एकुलत्या एक कपाकडे वळल्या. सासूबाईसुद्धा त्याच्याकडे असं बघू लागल्या, जणू आगंतुक पाहुणाच घरात शिरलाय.

दुपारभर सगळ्या जणी ओल्या कुंचल्याने डाग उचलत, टिपकागदाने टिपत बसल्या. सर्वांत जास्त सासूबाईंनी उचलले. गाल स्वच्छ झाले, आणि सवयीने त्यांचा हात डोळ्याच्या कुंचल्याकडे गेला.

थोरली खाकरली.

"काय खाकरतेस? आहे माझ्या लक्षात!" त्यांनी कुंचला धाकटीपुढे धरला. "घे. बुबुळात पांढरा ठिपका सोड, नाहीतर बाजारातला दिसेल."

धाकटीनं कुंचला टेकवला. डोळा उतरला. सासूबाईंनी कागद उचलून निरखला.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे असा टवकारून काय बघतोय मेला?"

आणि कप उचलून त्या टेबलापासून लांब, खिडकीपाशी जाऊन बसल्या. तिथूनच ओरडल्या, "आणि शेपूट यापुढे कोण रंगवणार? मीच ना?"