शेवटच्या पानामागचा खिसा

मित्रांनो, माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरे आहेत, म्हणून मला लगेच शहाणे समजू नका. मी कायद्याचे पुस्तक आहे. ओहायो नदीकाठच्या एका लहान गावात, वेंडेल प्रेथर या वकिलांच्या कचेरीत मी एकतीस वर्षे उभे आहे.

छापखान्यात माझ्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा चिकटवला गेला. न्यायालये नवे निकाल देतात आणि माझी पाने जुनी पडतात. म्हणून दर मार्चमध्ये टपालाने पातळ पुरवणी येते आणि त्या खिशात बसते. माझ्यातले काय आता खरे राहिले नाही, ते तिच्यात असते.

टंकलेखिका डोरीन मॅकी ती नेमाने बसवायची आणि बदललेल्या ओळीशेजारी पेन्सिलीने फुली मारायची. प्रेथर तिला चिडवत.

"डोरीनबाई, पुस्तकांना लस टोचताय का?"

"टोचते साहेब. नाहीतर ताप तुम्हालाच चढेल."

मग संगणक आला आणि डोरीनला घरी बसवले. प्रेथर मात्र संगणकाकडे फिरकलेही नाहीत. सवयीने मलाच काढत राहिले. पुरवण्या येतच होत्या. बंद पाकिटांतच खिडकीखाली साचत होत्या. त्या वर्षांत मला स्वतःचीच लाज वाटे.

अशात लोर्ना टेस्के आली. तिच्या शेळ्यांच्या गोठ्याकडे जाणारी एकमेव वाट शेजाऱ्याने फाटक लावून बंद केली होती. दुधाची गाडी आत येईना. खालच्या न्यायाधीशांनी निकाल शेजाऱ्याच्या बाजूने दिला. अपिलाला तीस दिवस होते.

प्रेथर यांनी माझे पान दोनशे बारा उघडले. फेरविचाराचा अर्ज केला की अपिलाची मुदत थांबते, असे तिथे छापले होते.

"वकीलसाहेब, उशीर नाही ना होणार? वाट गेली तर शेळ्या विकाव्या लागतील मला."

"लोर्नाबाई, हे बघा, पांढऱ्यावर काळं!" असे म्हणून त्यांनी मला थोपटले.

त्या थोपटण्याइतका अपमान माझा कधी झाला नाही. मुदत थांबत नाही, असा निकाल आदल्या वर्षीच लागला होता. चार ओळींचा. तो तीन हातांवर, बंद पाकिटात पडून होता.

प्रेथर यांनी आधी त्याच न्यायाधीशांकडे फेरविचाराचा अर्ज केला आणि तीस दिवस त्यातच गेले. अपील उशिरा आले म्हणून फेटाळले गेले. वाटेबद्दल कोणी अक्षरही ऐकले नाही.

लोर्ना कागद न्यायला आली, तेव्हा तिची चर्चमधली मैत्रीण म्हणून डोरीनही सोबत होती. प्रेथर मान खाली घालून म्हणाले, "पुस्तकानंच फसवलं हो."

डोरीन खिडकीपाशी वाकली, तिने पाकिटे फोडली आणि एक पान लोर्नापुढे धरले. लोर्नाने ते उभ्यानेच वाचले.

"हे इथंच होतं?"

"हो. मार्चपासून."

"शेळ्या शनिवारी जातायत," एवढे म्हणून लोर्ना निघाली. डोरीनने ती पुरवणी माझ्या खिशात सारली आणि पान दोनशे बारावर पेन्सिलीने फुली मारली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी वकील झाला, तर माझ्यावरची धूळ झटकू नका, मला थोपटूही नका. आधी मला मागून उघडा. तुमच्या चुकीची शिक्षा समोर बसलेल्या माणसाला होते.

काल नवा अशील आला. प्रेथर यांनी मला काढले आणि हवे ते पान उघडले. इतक्या वर्षांनी माझा खिसा भरलेला होता. त्यांचे बोट तिकडे गेले नाही.