कॅप्टनच्या हवाली

ज्या वर्षी गार्गीचा पहिला दात पडला, त्या २०२४ सालची ही गोष्ट. मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. गार्गीचे आजोबा, प्रताप, जहाजावर फिटर होते. इंजिनरूममध्ये उरलेल्या पत्र्यातून त्यांनी मला कापले, कडा ठोकल्या, झाकणाला बिजागरी लावली. तीस वर्षे त्यांचे कागद मी सांभाळले. जहाजावर चढले की मला कॅप्टनच्या हवाली करायचे आणि निर्धास्त कामाला लागायचे. बंदरात अधिकारी आले की कॅप्टनच सगळ्यांचे पासपोर्ट दाखवी. "डबा कसला, तिजोरी आहे," असे लोक म्हणत. आजोबा निवृत्त झाले आणि मी सिंगापुरात त्यांच्या मुलीच्या, म्हणजे गार्गीच्या आईच्या, अनुजाच्या फ्लॅटमध्ये छत्र्यांमागे पडून राहिलो. मला गंज चढू लागला.

मलाक्काची सामुद्रधुनी आजोबांनी कितीदा ओलांडली होती, पण मलेशियाच्या किनाऱ्यावरचे मलाक्का हे जुने गाव पाहिले नव्हते. म्हणून जूनच्या सुटीत मला छत्र्यांमागून काढून ते गार्गीला घेऊन बसने निघाले. अनुजाला तांजोंग पगारच्या ऑफिसातून रजा नव्हती.

"बाबा, जमेल ना? ती एकटी आहे तुमच्याबरोबर."

"अगं, अर्धं जग फिरलोय मी."

"जहाजातून फिरलात. बसमधून नाही."

सिंगापूरच्या पासपोर्ट तपासणीत सारे नीट झाले. पण पुन्हा बसमध्ये चढताना हात जुन्या सवयीने चालले. दोघांचे पासपोर्ट आणि अनुजाचे संमतीपत्र माझ्यात घालून त्यांनी मला चालकाशेजारच्या फळीवर ठेवले. चालक आरशात पाहत होता, त्याला कळलेच नाही. दोन देशांमधला पूल संपला. मलेशियाच्या तपासणीला सगळे उतरले.

"आजोबा, बॉक्स?"

"तो कॅप्टनकडे असतो गं."

दार मिटले आणि मला घेऊन बस इमारतीच्या पलीकडे गेली. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

तपासणी करून माणसे एकेक परतली. चालकाने डोकी मोजली. दोन कमी होती. "फाइव्ह मिनिट्स, देन गो," तो म्हणाला. इंजिनाबरोबर मीही थरथरत होतो. बस गेली तर मी मलाक्काला जाणार आणि सहा वर्षांची पोर कागदाविना दोन देशांच्या मध्ये राहणार. पाच मिनिटे झाली. बस हलली. त्या धक्क्याने मी घसरून खाली आदळलो, झाकण उघडले आणि गार्गीचा पासपोर्ट फोटोच्या पानावर उघडून चालकाच्या पायाशी पडला.

"अय्यो, अंकल," तो पुटपुटला. त्याने इंजिन बंद केले आणि मला घेऊन धावत सुटला.

आजोबा भिंतीलगतच्या खुर्चीवर बसले होते. सगळे खिसे उलटे झाले होते. समोरचा अधिकारी पुन्हा पुन्हा विचारत होता, हे मूल कोणाचे? गार्गीने त्यांचा सदरा मुठीत धरला होता. "ही इज माय आजोबा लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सांगत होती, पण तिचा आवाज रडवेला झाला होता. मी हातात आलो तेव्हा आजोबांना झाकण उघडता येईना. ते गार्गीने उघडले.

मलाक्काच्या टेकडीवरून त्यांनी तिला समुद्र दाखवला, पण लक्ष समुद्राकडे नव्हते. "आजोबा, हात दुखतो. टू टाइट," ती म्हणाली, तरी त्यांनी हात सोडला नाही.

परतताना गार्गीने विचारले, "मम्माला नको सांगू या?"

"सांगायला हवं. पुन्हा माझ्याबरोबर नाही पाठवलं तुला, तरी."

घरी त्यांनी सगळे सांगितले. अनुजाने माझे झाकण उघडून दोन्ही पासपोर्ट पाहिले. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मी येते बरोबर."

"म्हणजे माझ्याबरोबर नाही सोडणार."

"असं म्हटलं का मी? बरोबर येते म्हटलं."

मित्रांनो, मला तेलाचा हात फिरवला की मी टिकेन. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातांत जुनी सवय मुरलेली असते. निघताना न हसता एकदा विचारा, कागद कुठे ठेवलेत.

पुढची वेळ आली नाही. प्रताप आजोबा ९ जानेवारी २०२५ रोजी सिंगापुरात, अनुजाच्या घरी वारले.