पुलावरचा सीन

मिस्त्रीची सगळी हयात टीव्हीच्या मागच्या बाजूला गेली. पुढून लोक काय बघतात याच्याशी त्याला कधी देणंघेणं नव्हतं. चित्र आलं, आवाज आला, की पाठीचं झाकण लावायचं, स्क्रू पिळायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, न्या. असला माणूस त्या वर्षी दुकानात बसून परदेशातल्या सिनेमांच्या तारखा धुंडाळत होता. सिनेमा तरी कसला, तर ज्यात मारामारी नाही, गाणं नाही आणि एक बाई अर्धा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसते.

कारण एकच. त्या सिनेमात त्याचा भाचा होता.

भाचा म्हणजे थोरल्या बहिणीचा, ताईचा, एकुलता एक. शिडीसारखा उंच, म्हणून सगळी गल्ली त्याला लंबू म्हणायची. वायरिंगची कामं करायचा. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशाचा एक दिग्दर्शक शूटिंगला आला तेव्हा नदीवरच्या जुन्या पुलावर दिवे बांधायला लंबूला बोलावलं. खांद्यावर शिडी टाकून हा चालला होता, ते त्या माणसानं बघितलं आणि म्हणाला, असाच चल, त्या बाईपाशी थांब, काहीतरी बोल, हस आणि जा. झालं, लंबू नट झाला. घरी येऊन चांगला आठवडाभर आईला ती चाल करून दाखवत होता. पण तू बोललास काय, असं विचारलं की गप्प. म्हणायचा, थेटरात बघ की.

सिनेमा थेटरात यायच्या आधी लंबू एका बांधकामावरून पडला. खिशातला मोबाइल त्याच्यासकट फुटला. मागं फोटो राहिले, पण फोटोतला माणूस नुसता बघत राहतो. वर्ष सरलं तशी ताई एक दिवस दुकानात आली, स्टुलावर बसली, आणि म्हणाली, "छोट्या, तुझा जन्म टीव्हीत गेला. एवढा एक सिनेमा मला काढून दे. मला त्याला बोलताना बघायचंय."

मिस्त्रीची पन्नाशी उलटली होती, पण तिच्यासाठी तो छोट्याच. काढतो म्हणाला. त्याला वाटलं, सिनेमा म्हणजे काय, एक दिवस लागेल तिकीट काढून बघून येऊ.

तसं नसतं, हे त्याला हळूहळू कळलं. हे असले सिनेमे लागत नाहीत, ते फिरतात. आज एका देशातल्या महोत्सवात, मग चार महिने बेपत्ता, मग भलत्याच देशात भलत्याच नावानं. त्याच सिनेमाचं नाव एका ठिकाणी पुलावरून होतं, दुसऱ्या ठिकाणी त्या बाईवरून. एका वेबसाइटवर तारीख असायची, दुसरीवर तीच तारीख होऊन गेलेली, आणि तिसरीवर लिहिलेलं, तारीख ठरायची आहे. एका देशात दोन थेटरांत आठवडाभर लागला आणि उतरला, हे याला उतरल्यावर कळलं. आणखी एका देशात घरबसल्या बघायची सोय होती, पण ती त्या देशातल्या घरांपुरती. मिस्त्रीनं बटण दाबलं की आपलं, तुमच्या भागात उपलब्ध नाही. त्यानं इतक्या वेळा दाबलं की बायको म्हणाली, "लोकांचे टीव्ही धूळ खात पडलेत आणि तुम्ही परक्या मुलखातल्या थेटरांच्या वेळा पाठ करताय. जाणार आहात का तिकडं तिकिटाच्या बारीवर उभे राहायला?" असं म्हणायची, पण लंबूला तिनं कडेवर खेळवलेलं होतं. रोज जेवताना तीच विचारायची, लागला का काही पत्ता.

पत्ता लागला. एका थंड देशात सिनेमाची डिस्क निघाली होती. मोबाइलवर भाषांतर करत करत मिस्त्रीनं ती मागवली. मागवताना एक गोष्ट त्याच्या नजरेला पडली. महोत्सवाच्या माहितीत सिनेमा जेवढा लांब लिहिला होता, त्याहून डिस्कवरचा पंधराएक मिनिटांनी आखूड होता.

दुसरा कोणी असता तर चमकला असता. मिस्त्री नाही चमकला. कारण त्याला टीव्हीतलं कळत होतं. काही देशांच्या टीव्हीवर सिनेमा किंचित जोरात पळतो, सेकंदाला एक चित्र जास्त. कानाला कळत नाही, डोळ्याला कळत नाही, पण अख्ख्या सिनेमात पाचसहा मिनिटं वाचतात. ही माहिती त्याला होती आणि तिचा त्याला अभिमानही होता. पाचसहा आणि पंधरा यांच्यात फरक किती, हे बघायला कागद लागला नसता. पण उत्तर हातात आल्यावर गणित कोण करतो? हे त्या पळण्यानं झालंय, म्हणाला, आणि विषय मिटवला.

त्याच महिन्यात दुसरी बातमी आली. शेजारच्या शहरातल्या एका फिल्म क्लबात तो सिनेमा दाखवणार होते. रविवारी दुपारी, एकच खेळ, महोत्सवातली प्रत. ताईनं पिशवी भरायला घेतली. तिचे गुडघे म्हणजे काय सांगायचं, दोन पायऱ्या चढली की तिसरीवर बसायची. आणि प्रवास अर्ध्या दिवसाचा, तोही बसचा. मिस्त्री म्हणाला, "ताई, कशाला हाल करून घेतेस? डिस्क निघालीय तिकडून. तुझ्या घरात, तुझ्या पलंगावर बसून बघ. हवा तिथं थांबव, हवा तेवढा वेळ बघ. थेटरात तो एकदा येणार आणि जाणार."

तिला ते पटलं. आपला मुलगा हवा तेवढा वेळ बघायचा, हे कुठल्या आईला पटणार नाही? तिनं पिशवी रिकामी केली.

डिस्क आली. ती आपल्याकडच्या प्लेअरवर चालेना, कारण कंपन्या देशादेशांत कुलपं घालतात. मिस्त्री हसला. ते कुलूप काढणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. प्लेअर खोलला, अर्ध्या तासात त्याला सगळ्या देशांचा करून टाकला, आणि काखेत मारून ताईकडं गेला. बायको सोबत होती. ताईनं ठेवणीतली साडी नेसली होती, केस नीट विंचरलेले. जणू तिलाच कोणी बघायला येणार होतं.

सिनेमा सुरू झाला. ती बाई खिडकीतून बघत होती. मग स्वयंपाक करत होती, मग पुन्हा खिडकी. ताई पापणी लववत नव्हती. शेवटी बाई घराबाहेर पडली, पायऱ्या चढून पुलावर आली. पूल रिकामा. लंबूनं बांधलेले दिवे कठड्याच्या कडेनं लागलेले. ताई पुढं सरकली, पलंगाच्या अगदी काठावर आली.

आणि बाई तिच्या खोलीत चपला काढत होती.

मिस्त्रीला त्याच क्षणी कळलं, मधला सीनच कापलाय. पंधरातून सहा गेले की काय उरतं, ते त्याच्या समोर बसलं होतं, आणि ते त्याला आता कागदाशिवाय जमत होतं. ताई म्हणाली, पुढं येईल. पुढं आला नाही. शेवटी नावं वर सरकायला लागली, कुठल्यातरी परक्या लिपीत, मुंग्यांच्या रांगेसारखी. ती संपली आणि पडदा निळा झाला.

"माझंच लक्ष चुकलं असेल," ताई म्हणाली. "परत लाव."

परत लावला. बायको डोळ्याला पदर लावून स्वयंपाकघरात गेली ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी ताईनं शेजारच्या पोरीकडून बटणं शिकून घेतली आणि आपलं आपण लावलं. आठवड्यानं मिस्त्री गेला तर ती म्हणाली, बाजाराच्या गर्दीत एक पाठ दिसते बघ, ती त्याचीच असणार. मिस्त्रीनं बघितलं. ती पाठ कुणाचीही असू शकत होती.

मग तो पिसाटल्यासारखा मागं लागला. सिनेमा विकणाऱ्या कंपनीला लिहिलं. त्यांनी कळवलं की परदेशात जिथं जिथं लागला तिथं हीच आखूड प्रत गेली, लांब प्रत फक्त महोत्सवांपुरती होती आणि आता ती त्यांच्याकडं नाही. फिल्म क्लबाला विचारलं. तिथल्या सरांनी सांगितलं, त्यांची प्रत कुलूपबंद फाइल होती आणि किल्लीची मुदत त्या एका दुपारची. ते कुलूप मिस्त्रीच्या हातचं नव्हतं, आणि फाइलही पुसली गेली होती. शेवटी कंपनीकडून पत्ता मिळवून थेट दिग्दर्शकाला लिहिलं. लंबू मेल्याचं मात्र लिहिलं नाही, हात धजेना. महिन्यानं उत्तर आलं. तो पूल मीच कापला, त्यानं लिहिलं होतं, विकत घेणारे म्हणाले सिनेमा तिथं रेंगाळतो. मूळ प्रत ज्या स्टुडिओत होती तो बुडाला, तिथल्या सामानाचं काय झालं ठाऊक नाही. आणि खाली एक ओळ होती. शिडीवाला मुलगा छान होता, कसा आहे तो?

मिस्त्रीनं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि आत बसून राहिला.

ताईला सांगणं भाग होतं. भलत्याचीच पाठ आपल्या लेकाची म्हणून ती बघत बसली होती, ते त्याला सोसेना. त्यानं जाऊन सगळं सांगितलं, ती खालची ओळ सोडून. मग तिनं विचारलं.

"त्या रविवारी दाखवला, त्यात होता तो?"

"होता, ताई."

"बोलला?"

"बोलला असणार."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या, पुन्हा येऊ नकोस असं म्हणाली असती, तर मिस्त्रीनं मान खाली घालून ऐकलं असतं. ती म्हणाली, "मग तिथं बसलेल्या माणसांनी ऐकलं असेल. त्यांना विचार की."

त्यानं तिथल्या तिथं क्लबाच्या सरांना फोन लावला. चांगला माणूस, आठवायला वेळ घेतला. शिडीवाला एक होता खरा, म्हणाले. ताईनं फोन हातातून घेतला.

"साहेब, तो काय म्हणाला हो तिला?"

सरांनी सांगितलं की तो सीन फार लांबला होता, लोकांची चुळबुळ चालली होती, काही जण उठले, त्या गडबडीत ते स्वतः दाराशी होते. बाकीच्यांना विचारून कळवतो म्हणाले. त्यांनी खरंच विचारलं, दोनदा फोनही केला. एकाला वाटत होतं की तो वेळ विचारतो. दुसऱ्याला वाटत होतं, तो काही बोलतच नाही. हसतो का, तर असेल, म्हणाले.

त्यानंतर ताई गर्दीत पाठी शोधायची थांबली. संध्याकाळी सिनेमा लावायची आणि बाई पुलावर आली की बटण दाबून चित्र थांबवायची. रिकामा पूल आणि कठड्यावरचे दिवे. तेवढ्यात तो चालत येईल, शिडी सावरेल, बोलेल, हसेल, जाईल, असा तिचा काहीतरी हिशेब असावा. तेवढा वेळ गेला की ती चित्र पुन्हा सोडायची, आणि बाई खोलीत चपला काढायची. मिस्त्री पहिल्यांदा हे बघत होता तेव्हा त्याला वाटलं, निदान एवढं तरी आहे तिच्याजवळ.

पण ते थांबणं रोज थोडं वाढत गेलं. एकदा तो भर दुपारी गेला तर दार नुसतं लोटलेलं, चूल थंड, आणि पडद्यावर पूल. बटणांचा रिमोट ताईच्या मांडीवर होता. कधीपासून बसलीस, त्यानं विचारलं. ती म्हणाली, "थांब, अजून आला नाही."

मिस्त्री तिच्या शेजारी पलंगावर बसला. बटण दाबायची त्याची हिंमत झाली नाही.