उजव्या बाजूची गाडी

"तुझा हात म्हणजे लाकूड आहे, ओरेस्ते, निव्वळ लाकूड!"

सेकोंदोने माझं मनगट बाजूला सारलं आणि डोळे मिटून स्वतःचा डावा तळवा पत्र्यावरून फिरवला. उजवा हात हातोडीचा, डावा पारखायचा. आम्ही इटलीतल्या तोरिनोचे पत्रा ठोकणारे सगळे असंच करतो, पण सेकोंदो बेर्सानोला जे कळायचं ते आम्हाला बापजन्मात कळलं नाही.

"इथे केसभर उंच आहे," तो म्हणाला. मला तर काही म्हणजे काही लागत नव्हतं.

शहरातल्या एका मोठ्या कंपनीला सामान्य माणसासाठी छोटी गाडी काढायची होती आणि नमुना आमच्या कारखान्यात बनत होता. चित्र लिव्हिओ कास्तान्योचं. सव्वीस वर्षांचा पोरगा, शर्टाची बटणं वरखाली, जेवायचं भान नाही. त्याने पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत एक धारदार रेघ ओढली होती. दारावर ती अशी वर उसळायची की उभी गाडी पळतेय असं वाटावं. कंपनीचे इंजिनिअर रोल्ला तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"सुंदर आहे हो," ते म्हणाले, "पण प्रेसखाली पत्रा फाटणार. मला दिवसाला हजार दारं काढायचीत, आणि एकेक दार प्रेसच्या चार ठोक्यांत. तसबिरी नाही लावायच्या."

"मग खोकीच विका ना! चार चाकं लावून!" लिव्हिओ उसळला.

शेवटी आमच्या धंद्यात करतात तेच ठरलं. नमुना एकच, बाजू दोन. डावीकडे लिव्हिओची धारदार गाडी, उजवीकडे रोल्लांची सपाट. सोमवारी कंपनीचे मोठे लोक येऊन एक बाजू निवडणार.

"उजवी निवडली तर मी मिलानला जाऊन फ्रीजची चित्रं काढत बसतो," लिव्हिओ म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

दोन्ही बाजू सेकोंदोच ठोकत होता. शुक्रवारी त्याने रोल्लांना गाठलं. "साहेब, पत्रा फाटतो तो नेमका कुठे?"

रोल्लांना नवल वाटलं. असं त्यांना कुणी विचारतच नसे. त्यांनी हँडलच्या खाली बोट टेकवलं. "इथे. रेघ वळते ना, तिथे."

"हं," सेकोंदो म्हणाला. शनिवारी आम्हाला जेवायला पिटाळून तो एकटाच उजव्या दारापाशी ठोकत बसला.

सोमवारी चार हॅटवाले आले. डाव्या बाजूपाशी एकाने चक्क शीळ घातली. मग ते उजवीकडे गेले, आणि पाच मिनिटांत उजवी निवडून कॉफी प्यायलाही निघून गेले. लिव्हिओ अंगणातल्या खोक्यावर जाऊन बसला.

सेकोंदो त्याच्यामागे गेला. "चल, ऊठ."

"कशाला मेस्त्री? मेलेल्याचं तोंड बघायला?"

"डोळे मीट आणि डावा हात दे."

त्याने पोराचा तळवा उजव्या दारावर ठेवला. हात पुढे सरकला, थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"ही माझी रेघ आहे," लिव्हिओ पुटपुटला.

"धार घालवलीय, बाक ठेवलाय. फाटत होतं तिथे थोडी सैल सोडलीय."

"धार घालवलीत म्हणजे मारलंत तिला!"

"डावीकडची गाडी दहा जण बघतील आणि वाहवा करतील," सेकोंदो शांतपणे म्हणाला. "ही माझी बायको बघेल, रोज, भाजीला जाताना. तिच्या नजरेस काहीच चांगलं पडू नये का?"

मागून रोल्लांचा आवाज आला. "मी मोजलंय. चार ठोक्यांत निघतं. आता कुठे बोलू नका म्हणजे झालं." लिव्हिओ हसता हसता रडायलाच लागला. मीही हात फिरवून पाहिला. छे! लाकूड ते लाकूडच.

मग ती गाडी गल्लोगल्ली झाली. पांढरी, फिकट निळी. पाववाल्याकडे, शिक्षिकेकडे, पाद्र्याकडेसुद्धा. सेकोंदोने मात्र कधी घेतली नाही, तो ट्रामनेच यायचा. त्याच्यासारखा कारागीर मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही.

सोळा वर्षांनी, तो निवृत्त झाल्यावर, एका शनिवारी आम्ही बाजारातून येत होतो. रस्त्याकडेला त्याच नमुन्याची एक जुनी निळी गाडी उभी होती, रंग उडालेली. सेकोंदोने पिशवी खाली ठेवली, डोळे मिटले, डावा तळवा दारावर टेकला. बराच वेळ तसाच उभा राहिला.

"ओरेस्ते," तो म्हणाला, "मला कळत नाही रे. बोटं मेली आहेत. सकाळी कॉफीचा पेला गरम आहे की गार, तेही कळलं नाही." जन्मभर हातोडी मारताना आणि पत्रा धरताना हादरे खाल्लेले हात ते. "तू बघ."

"माझा हात लाकूड आहे."

"बघ म्हणतोय ना."

मी डोळे मिटले. दिव्यापासून सावकाश हात सरकवत नेला. हँडलच्या खाली, धुळीच्या थराखाली, पत्रा किंचित खाली गेला आणि पुन्हा वर चढला.

"आहे."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"आईशप्पथ आहे. हँडलखाली सैल होते आणि मग वर चढते."

तेवढ्यात वरच्या सज्ज्यातून एक बाई ओरडली, "ओ आजोबा! काय चाललंय माझ्या गाडीशी?"

सेकोंदोने टोपी काढली. "काही नाही बाई, धूळ पुसतोय," म्हणाला, आणि कोटाच्या बाहीने खरंच सगळं दार पुसून काढलं.