स्टँडवरचं पिवळं कार्ड

चाकणच्या कंपनीत मी अठरा वर्षं क्वालिटीत आहे आणि एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. तात्पुरतं म्हणून सुरू केलेलं काम कुणी मुद्दाम बंद केलं नाही, तर ते कायमचं होऊन बसतं. म्हणून आमच्याकडे अशा प्रत्येक कामाला पिवळं कार्ड लागतं. त्यावर बंद करायची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव.

माझी चार वर्षांची प्राजक्ता मूत्रपिंडाच्या संसर्गानं काळेवाडीतल्या मुलांच्या दवाखान्यात दाखल झाली. डॉ. अंजली म्हणाल्या, "जंतू कोणता ते कळेपर्यंत बऱ्याच जंतूंवर चालणारं मोठं अँटिबायोटिक शिरेतून देऊ. तात्पुरतं. दोन दिवसांत लघवीचा रिपोर्ट आला की नेमकं, साधं औषध."

तात्पुरतं म्हटल्यावर माझा हात खिशात गेलाच. सलाइनच्या स्टँडला मी कार्ड अडकवलं: 'बंद: गुरुवार, सकाळी दहा. जबाबदार: रोहिदास काळभोर.' दीक्षा सिस्टर वाचून हसल्या, पण त्यांनी ते काढलं नाही.

गुरुवारपर्यंत ताप उतरला. प्राजक्ता पलंगावर उड्या मारत होती. रिपोर्टही आला, साध्या सिरपवर भागणार होतं.

"मोठ्या औषधानं गुन आला अन् त्येच बंद करताय व्हय?" माझी आई, कौशल्याबाई, कडाडली. "पोरगी काय सिरपवर सोडायची?"

आणि मी, कार्डवाला शहाणा, आईच्याच बाजूला जाऊन उभा राहिलो. "मॅडम, अजून दोन दिवस राहू द्या ना."

"उगाच चालू ठेवलं तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि उरलेले निर्ढावतात. उद्या खरी गरज पडली तर हेच औषध चालायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "कंपनीत मुदतवाढ देता?"

"देतो. कारण लिहून."

"मग लिहा."

पेन हातात घेतलं. खरं तेच लिहिलं, 'भीती वाटते.' अठरा वर्षांत असलं कारण मी कुणाचं मंजूर केलं नव्हतं. मीच त्यावर काट मारली आणि खाली 'बंद' लिहून सही केली. प्राजक्ता सिरप प्यायली, वर चमचाही चाटला. आई बघतच राहिली.

महिन्याभरानं तपासणीला गेलो. पोरगी ठणठणीत. वॉर्डातल्या स्टँडांवर पिवळी कार्डं लटकत होती, दवाखान्यानं छापून घेतलेली. सवयीनं मी एक तपासलं. शेवटचा रकाना होता: 'मुदतवाढीचं कारण, भीती सोडून.'