बाजारचा खाऊ

मंदीनं सोनईच्या आठवडे बाजारातलं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा शेववाल्या सहादेवानं आपली मोठी कढई भंगारवाल्याला द्यायची ठरवली.

"सरकारनं तळ्याचं काम काढलंय. बायांच्या हातात मजुरी आलीया," बायको चांगुणा म्हणाली. "आज भट्टी पेटवा."

"सरकार गाळ काढतंय, त्यात माझ्या शेवेचं काय गं?"

"बाजारला आलेली आई पोरांना खाऊ न घेता घरी जाती व्हय?"

सहादेवानं कुरकुरतच घाणा टाकला. दुपारी तळ्यावरच्या बाया आल्या, नखांत अजून गाळ होता. बघता बघता परात रिकामी झाली. तेवढ्यात भंगारवाला आला.

"लांब हो बाबा," नवं पीठ मळत सहादेव म्हणाला, "कढई तापलीय. आता थंड व्हायची न्हाई."