चौथ्या पायाखालची घडी

मित्रांनो, करी रोडच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर मी अठ्ठेचाळीस वर्षे उभी आहे. मी साधी लाकडी खुर्ची. गिरणीच्या सुतारखात्यातल्या एका कारागिराने खोक्यांच्या फळ्यांतून मला बनवले आणि आनंदा आजोबांच्या लग्नात भेट दिले.

पुढे मोरीजवळ ठेवल्याने माझा एक पाय कुजला. आजोबांनी तो खालून कापला आणि मी लंगडी झाले. माझ्यावर बसलेले माणूस जरा हलले की फरशीवर ‘टक’ वाजे. ललिता आजी दर महिन्याला कॅलेंडरचे संपलेले पान घडी करून त्या पायाखाली सरकवत. मग मी गप्प. “माझ्या लंगडीला कुणी भंगारात द्यायचं नाही हं,” असे त्या घरात सर्वांना बजावत.

गेल्या वर्षी आजी गेल्या. घडी निसटली, ती पुन्हा कोणी ठेवली नाही.

आजोबांना दोन-तीन वर्षांपासून लघवीची अशी घाई होई की थांबवत नसे. हे फक्त आजींना ठाऊक होते. तेराव्याच्या विधीला बसले असताना ते मध्येच उठले. चाळीचे संडास गॅलरीच्या टोकाला. तिथे पोहोचण्याआधीच धोतर भिजले. ते परत आले तेव्हा विधी त्यांच्या मुलाने, निलेशने, पुरा केला होता.

“तिचं एवढंसुद्धा माझ्याच्यानं झालं नाही,” ते म्हणाले.

वर्षश्राद्धाला तरी शेवटपर्यंत बसायचे, एवढेच त्यांनी मनात धरले. त्यासाठी त्यांनी पाणी पिणे जवळजवळ सोडले. जिना उतरणेही सोडले. पण लघवीला जळजळ होऊ लागली आणि घाई वाढली. शेवटी सून रुपालीने त्यांना डॉक्टरांकडे नेले. तपासण्यांत मोठे काही निघाले नाही. डॉक्टरांनी व्यायाम सुचवला आणि अक्षदा नावाची फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली.

“काका, पाणी बंद केलंत?”

“वरून घातलंच नाही, तर खालून येईल कशाला?”

“गिरणीत होतात ना? बॉयलरमध्ये पाणी कमी पडलं तर काय व्हायचं?”

“तापून फुटायचा,” आजोबांनी कबूल केले. मग म्हणाले, “रुपाली, तांब्या आण.”

अक्षदाने त्यांना माझ्यावर बसवले. लघवीची धार मध्येच थांबवताना जे आत ओढतो, तेवढेच ओढायचे. मांड्या ढिल्या, श्वास चालू. आजोबांनी सगळे अंग आवळले आणि मी वाजले. टक!

“मॅडम, ही लंगडी आहे. खाली कागद घालतो.”

“नको, काका. तुम्ही चुकलात की ती सांगते. राहू दे तिला मास्तरीण.”

“बरं झालं, बाबा,” रुपाली हसली. “आई गेल्यापासून तुम्हाला ओरडायला कुणी नव्हतंच.”

आजोबाही हसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिले.

पहिले काही आठवडे मी सारखी वाजत होते. घाई झाली की धावायचे नाही, माझ्यावर बसून पाच-सहा वेळा पटपट आत ओढायचे आणि कळ ओसरली की उठायचे, असे अक्षदाने शिकवले. लघवीला जाण्याच्या दोन वेळांमधले अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेले. पाच चहांचे दोन झाले. कधी आठवडा वाया जाई, धोतर पुन्हा वाळत पडे. पण माझा आवाज कमी होत गेला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी गुडघ्यांमुळे गुरुजींनी त्यांना पाटाऐवजी माझ्यावर बसू दिले. तासाभराने त्यांचे तळवे फरशीवर घट्ट दाबले गेले. मला कळले, कळ आली. निलेश पुढे सरकला. आजोबांनी हाताने त्याला थांबवले. त्यांचा श्वास संथ चालू होता. मी वाट पाहत राहिले.

मी वाजले नाही.

विधी पुरा झाल्यावर ते गॅलरीच्या टोकाला गेले. चालत गेले, धावत नाही.

मित्रांनो, तुमचे आजोबा सारखे उठत असतील तर हसू नका. त्यांच्यापुढचे पाणी काढून घेऊ नका. त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. आणि घरातले लंगडे सामान टाकण्याआधी एकदा विचार करा.

त्या दिवशी गॅलरीतून परत आल्यावर आजोबांनी कॅलेंडरचे संपलेले पान फाडले. दोनदा घडी घातली. भिंतीला धरून हळूहळू वाकले आणि ती माझ्या चौथ्या पायाखाली सरकवली.

“ललिता,” ते म्हणाले, “बसलो गं.”